तळहातावरील संगणक : तो घरीं घ्यावा काय ?

गेल्या पावसाळ्यांत इयत्ता नववींतील एक मुलगा मधल्या सुट्टींत शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभा राहिला. "सर, आमच्या घरीं संगणक घ्यावयाचा आहे. बाबांनीं पंधरा हजार रुपये सांठविले आहेत. मोठ्या संगणकाऐवजीं तें तळहाताएवढें यंत्र घेतलें तर चालेल काय ?" असा त्याचा प्रश्न होता. त्याचे वडील रिक्षा चालवितात. ही रक्कम एकदां चुकीच्या वस्तूवर खर्च झाली, तर तेवढी पुन्हां उभी राहण्यास दोन वर्षें लागतील, हें तो मुलगा पुरतें जाणून होता. अशा प्रश्नास "होय" किंवा "नाहीं" असें एका शब्दांत उत्तर देऊन मोकळें होणें मला प्रशस्त वाटेना. मीं त्यास आठ दिवसांनीं येण्यास सांगितलें. त्या अवधींत जो विचार केला, तो तुम्हां सर्वांच्या उपयोगीं पडेल, ह्या हेतूनें येथें मांडीत आहें.

यंत्राची ओळख

ह्या यंत्राचें नांव रॅस्पबेरी पाय. नांव ऐकून हंसूं नये. ह्यांतील 'पाय' हा आपला चालण्याचा पाय नव्हे. रॅस्पबेरी हें एका लहानशा तांबड्या फळाचें नांव आहे, आणि संगणकांस फळांचीं नांवें देण्याची चाल जुनी आहे. 'पाय' हें पायथॉन नांवाच्या संगणक-भाषेचें संक्षिप्त रूप होय. यंत्र म्हणजे ८५ मिलिमीटर लांब व ५६ मिलिमीटर रुंद अशी एक हिरवी पाटी. तिचें वजन सुमारें ५० ग्रॅम भरतें. ह्या एवढ्याशा पाटीवर प्रोसेसर, मेमरी, यू.एस.बी.च्या चार खांचा, पडदा जोडण्याची जागा आणि बिनतारी इंटरनेटची सोय, इतकें सर्व बसविलेलें असतें. हार्ड डिस्क मात्र तीवर नसते. तिच्या जागीं नखाएवढें मेमरी कार्ड खोंचावें लागतें, आणि यंत्राची सारी व्यवस्था त्या कार्डावरच असते. पाटीच्या एका कडेस चाळीस पितळी रंगाच्या टांचण्या उभ्या दिसतात. त्या कशासाठीं आहेत, हें पुढें सांगूं.

जन्मकथा

कोणतीही वस्तु पारखावयाची असेल, तर ती कोणत्या गरजेंतून निर्माण झाली, हें आधीं पाहावें. इंग्लंडांतील केंब्रिज येथें एकॉर्न नांवाच्या कंपनीनें १९८१ सालीं बी.बी.सी. मायक्रो हा संगणक तयार केला. तो बी.बी.सी.च्या संगणक-साक्षरतेच्या उपक्रमासाठीं होता. तेथील हजारों मुलांनीं त्याच यंत्रावर प्रोग्राम लिहिण्याचे पहिले धडे गिरविले. आपल्या देशांतही १९८४ सालीं 'क्लास' नांवाच्या सरकारी योजनेंतून सुमारें अडीचशें शाळांना हेंच यंत्र देण्यांत आलें होतें. ते दिवस आठवणाऱ्या शिक्षकांस त्याचा काळा की-बोर्ड व त्यावरील तांबड्या कळा अजून आठवत असतील.

पुढें काळ पालटला. संगणक घरोघरीं आले. परंतु ते तयार प्रोग्राम चालविण्याचे संगणक होते, प्रोग्राम लिहिण्याचे नव्हते. शिवाय ते महाग असल्यामुळें मुलानें त्यांस हात लावूं नये, असाच घरोघरचा दंडक असे. २००६ च्या सुमारास केंब्रिज विद्यापीठांतील एबेन अप्टन व त्यांचे सहकारी ह्यांच्या ध्यानीं आलें कीं, संगणकशास्त्र शिकण्यास येणाऱ्या मुलांची संख्या घटत आहे, आणि येणाऱ्यांचा हातचा अनुभवही पूर्वीसारखा राहिलेला नाहीं. मुलाला स्वतःचें म्हणतां येईल आणि बिघडलें तरी घरचें माणूस रागावणार नाहीं, इतकें स्वस्त यंत्र असावें, हा विचार त्यांतून निघाला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं पहिलें रॅस्पबेरी पाय ३५ डॉलरांस विक्रीस आलें. पहिल्याच दिवशीं सुमारें एक लाख मागण्या आल्या, आणि २०२४ पर्यंत सहा कोटींहून अधिक यंत्रें विकलीं गेलीं होतीं.

ह्या जन्मकथेंतून एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कचेरींतील संगणकाची जागा घेण्यासाठीं हें यंत्र जन्मास आलें नाहीं. तें मुलांनीं शिकावें म्हणून जन्मास आलें. घरचा संगणक म्हणून तें चालतें कीं नाहीं, हा प्रश्न पुढें त्याची शक्ति वाढत गेल्यावर उत्पन्न झाला. पहिल्या यंत्रांत एकच गाभा व २५६ मेगाबाइट मेमरी होती. २०२३ च्या ऑक्टोबरांत आलेल्या पांचव्या पिढींत २.४ गिगाहर्ट्झ गतीचे चार गाभे आहेत, आणि मेमरी ८ गिगाबाइट किंवा त्याहूनही अधिक मिळते. बी.बी.सी. मायक्रोच्या 'बी' नमुन्यांत ३२ किलोबाइट मेमरी होती. ८ गिगाबाइट म्हणजे तिच्या २,६२,१४४ पट, हा गुणाकार तुम्हीं स्वतः करून पाहावा.

खरी किंमत

आतां हिशेबाकडे वळूं. "चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला" ही म्हण तुम्हांस ठाऊक आहेच. जाहिरातींत किंमत दिसते ती नुसत्या पाटीची. ती पाटी टेबलावर ठेवून कांहींच करतां येत नाहीं. तिला वीज पुरविणारा अडॅप्टर लागतो. आणि पांचव्या पिढीच्या यंत्रास ५ व्होल्टवर ५ अँपिअर देणारा अडॅप्टर सुचविलेला असल्यामुळें मोबाइलचा साधा चार्जर लावून भागत नाहीं. चांगल्या प्रतीचें मेमरी कार्ड लागतें. धूळ व ओल ह्यांपासून रक्षण करण्यास पेटी लागते, आणि सतत जड काम असेल तर लहानसा पंखाही लागतो. पडद्याची वायर निराळ्या जातीची, म्हणजे एका टोकास बारीक तोंड असलेली लागते. त्यापुढें की-बोर्ड, माउस आणि पडदा आहेतच. शिवाय कार्डावर प्रथम व्यवस्था लिहिण्यास बहुधा दुसऱ्या कोणाचा तरी संगणक घटकाभर मागून आणावा लागतो.

ह्यांतील पडदा हीच सर्वांत महाग वस्तु होय. घरीं एच.डी.एम.आय.ची खांच असलेला टी.व्ही. असेल तर तो पडदा म्हणून वापरतां येतो, ही गोष्ट खरी. परंतु संध्याकाळीं घरच्या मंडळींची मालिका आणि तुमचा अभ्यास हीं दोन्हीं एकाच वेळीं आलीं, म्हणजे काय होईल, ह्याचा विचार आधींच करावा.

ह्या जुळवाजुळवीचा त्रास कमी व्हावा म्हणून त्याच कंपनीनें २०२० सालीं '४००' व २०२४ सालीं '५००' हे नमुने काढले. त्यांत संगणक की-बोर्डाच्या पोटांतच बसविलेला आहे. घरगुती वापरास हाच नमुना सोयीचा. मात्र भाव ठरलेले नसतात, हेंही ध्यानांत असावें. २०२५ च्या अखेरीस मेमरीच्या चिपा महागल्या, तेव्हां कांहीं नमुन्यांच्या किंमती वाढविण्यांत आल्या. म्हणून खरेदीच्या दिवशीं सर्व वस्तूंचा भाव कागदावर लिहून बेरीज करावी, आणि ती बेरीजच यंत्राची किंमत समजावी.

काय साधतें, काय साधत नाहीं

प्रथम गुण सांगतों. ह्या यंत्राची व्यवस्था लिनक्स जातीची असून ती फुकट मिळते. तींत पत्रें व निबंध लिहिण्यास आणि हिशेबाचीं कोष्टकें करण्यास लिबर-ऑफिस आहे. इंटरनेट पाहण्यास ब्राउझर आहे. युनिकोडमधील देवनागरी टंक बसविले, म्हणजे मराठी वाचतां येतें, आणि इन्स्क्रिप्ट पद्धतीनें लिहितांही येतें. पायथॉन आणि लहान मुलांसाठींची स्क्रॅच ह्या भाषा शिकण्यास तर तें उत्तम. चार किंवा आठ गिगाबाइट मेमरीच्या नव्या यंत्रावर हीं सर्व कामें समाधानकारक होतात. यंत्र जवळजवळ निःशब्द चालतें आणि टेबलाच्या कोपऱ्यांत सामावतें. ज्या घरांत एकाच खोलींत अभ्यास, स्वयंपाक व निद्रा होते, त्या घरांत हा गुण लहान नव्हे.

आतां दोष. पहिला व सर्वांत मोठा दोष हा कीं, विंडोजसाठीं विकत मिळणारे प्रोग्राम ह्यावर सरळपणें चालत नाहींत. कारण असें कीं, नेहमींच्या मेज-संगणकाचा प्रोसेसर एका जातीचे हुकूम जाणतो, आणि ह्या पाटीवरील 'आर्म' प्रोसेसर निराळ्या जातीचे जाणतो. संस्कृत जाणणाऱ्यापुढें फारसी कागद ठेवावा, तसा हा प्रकार आहे. गंमत अशी कीं, हीच आर्म जात १९८५ सालीं त्या एकॉर्न कंपनींत जन्मली, आणि आज तुमच्या आमच्या मोबाइलांत तीच नांदत आहे.

दुसरा दोष, मेमरी पाटीवर कायमची जडविलेली असते. मेज-संगणकांत पुढेंमागें ती वाढवितां येते. येथें ज्या मापाची घेतली त्याच मापांत आयुष्य काढावें लागतें. तिसरा, मेमरी कार्डावर लिहिणें चालू असतांना वीज एकाएकीं गेली, तर कार्डावरील मजकूर बिघडण्याचा संभव असतो. ज्या गांवीं वीज दिवसांतून दोनदां जाते, तेथें हा दोष विशेष बाधतो. म्हणून यंत्र नेहमीं हुकूम देऊन बंद करावें, आणि महत्त्वाच्या लेखनाची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवावी. चौथा, मोठ्या चित्रफिती जुळविणें किंवा भारी खेळ खेळणें हें ह्याचें काम नव्हे. त्यासाठीं तें घेऊं पाहील त्याची निराशा होईल.

विजेचा हिशेब

विजेच्या बाबतींत मात्र ह्या लहान यंत्राची बाजू भक्कम आहे. समजा, तें सरासरी ६ वॅट वीज खातें, आणि एक साधा मेज-संगणक ८० वॅट खातो. पडदा दोहोंस सारखाच लागत असल्यामुळें तो हिशेबांतून वगळूं. रोज पांच तास याप्रमाणें महिन्याचे १५० तास झाले. लहान यंत्राची वीज ६ × १५० = ९०० वॅट-तास, म्हणजे ०.९ युनिट; मेज-संगणकाची ८० × १५० = १२,००० वॅट-तास, म्हणजे १२ युनिट. फरक ११.१ युनिट. युनिटास ८ रुपये दर धरिला तर महिन्यास सुमारें ८९ रुपये, आणि वर्षास सुमारें १,०६५ रुपये वांचतात. तुमच्या घरचा दर व तुमचे तास घालून हें गणित प्रत्येकानें पुन्हां करावें. त्यांत त्रैराशिकापलीकडे कांहीं नाहीं. घरीं रोज एकच तास वापर असेल, तर ही बचत पांचपट कमी होईल हेंही विसरूं नये.

प्रतिस्पर्धी

रॅस्पबेरी पायची तुलना नव्या कोऱ्या मेज-संगणकाशीं केली म्हणजे तें फारच स्वस्त दिसतें. परंतु ही तुलना पुरती न्याय्य नव्हे. मोठ्या कचेऱ्यांतून कांहीं वर्षांनीं काढून टाकलेले व दुरुस्त करून विकले जाणारे मेज-संगणक आज प्रत्येक शहरांत मिळतात. बेताचें धन असलेल्या कुटुंबापुढें खरा प्रतिस्पर्धी तो आहे. तो आकारानें मोठा, विजेला खादाड आणि आयुष्यानें अर्धा झिजलेला असतो. त्याची हमी थोडी असते, आणि पारख नसेल तर फसगतही होते. परंतु त्यावर विंडोज चालतें, त्यांत खरी डिस्क असते, त्याचा एखादा भाग बिघडला तर पेठेंतील कारागीर तो बदलून देतो, आणि बहुधा पडदा व की-बोर्ड त्याजबरोबरच मिळतात. शिवाय पायथॉन, स्क्रॅच, लिबर-ऑफिस हीं सर्व त्यावरही फुकट बसवितां येतात. म्हणजे नुसतें प्रोग्राम लिहिण्यास शिकावयाचें असेल, तर लहान यंत्रच घेतलें पाहिजे असें नाहीं.

मग लहान यंत्राचें स्वतःचें असें काय उरतें ? दोन गोष्टी उरतात.

एक, त्या चाळीस टांचण्या. त्यांतील ठराविक टांचण्यांतून ३.३ व्होल्टचा लहानसा विद्युत्प्रवाह प्रोग्रामच्या हुकुमानें सुरू किंवा बंद करतां येतो. ३३० ओहमचा रोध जोडून एक लहान एल.ई.डी. दिवा लावावा, आणि पायथॉनच्या चारसहा ओळी लिहून तो लुकलुकवावा. हा प्रयोग क्षुल्लक दिसतो. पण आपण लिहिलेल्या शब्दाची आज्ञा बाहेरची वस्तु पाळते, हें ज्ञान प्रथम होतें तो क्षण मूल विसरत नाहीं. पुढें तापमापक जोडून वर्गांतील उष्णता दर तासास टिपतां येते. मात्र सावधगिरी बाळगावी : ह्या टांचण्यांस ५ व्होल्ट लाविले तर पाटी कायमची निकामी होऊं शकते, आणि मोटर तर त्यांस थेट कधींच जोडूं नये.

दुसरी गोष्ट, निर्भयपणा. प्रयोग करतांना व्यवस्था बिघडली, तर कार्ड काढून त्यावर ती नव्यानें लिहावी; अर्ध्या तासांत यंत्र पूर्ववत् होतें. वडिलांचे हिशेब, बहिणीचे निबंध आणि घरचीं छायाचित्रें ज्या संगणकांत आहेत, त्यावर असा खेळ कोणता मुलगा करूं धजेल, आणि धजला तरी कोणता बाप करूं देईल ? चुकण्याची मोकळीक हेंच ह्या यंत्राचें खरें मोल होय.

निर्णय कसा करावा

सारांश, खरेदीपूर्वीं स्वतःस पांच प्रश्न विचारावे. १. घरांतील कोणकोण तो संगणक वापरणार, आणि कोणत्या कामासाठीं ? २. त्यांपैकीं एखादें काम विंडोजवांचून अडतें काय ? ३. पडदा व की-बोर्ड घरीं आहेत, कीं तेही घ्यावे लागणार ? ४. बिघडल्यास दुरुस्त करणारा जवळपास कोणी आहे काय, कीं आपणच शिकणार ? ५. घरीं हा एकच संगणक असणार, कीं दुसराही आहे ? पांचव्या प्रश्नाचें उत्तर सर्वांत महत्त्वाचें. दुसरा संगणक म्हणून लहान यंत्र बहुधा निराश करीत नाहीं. एकुलता एक संगणक म्हणून तें तेव्हांच घ्यावें, जेव्हां दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर निश्चितपणें "नाहीं" असें येईल.

आठ दिवसांनीं तो मुलगा आला, तेव्हां मीं हेच प्रश्न त्यास विचारले. तिसऱ्या प्रश्नापर्यंत त्याचा उत्साह टिकून होता. परंतु दुसऱ्या प्रश्नाकडे पुन्हां वळल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला व म्हणाला, "सर, ताई कॉमर्सला आहे. तिला टॅली शिकावयाचें आहे. तें शिकल्यावर तिला हिशेबाची नोकरी लागेल, असें बाबा म्हणतात." टॅली हा विंडोजवर चालणारा प्रोग्राम. त्या घरापुरतें उत्तर तेथेंच ठरलें, आणि तें त्या मुलानें स्वतःच दिलें. जुना, पण तपासून घेतलेला मेज-संगणक पडद्यासह बारा हजारांत घरीं आला.

त्या मुलाच्या तोंडावरची निराशा मला दिसत होती. म्हणून मीं त्यास आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच कंपनीनें २०२१ सालीं 'पिको' नांवाची एक बोटाएवढी पाटी काढली. ती संगणक नव्हे. तिला ना पडदा ना की-बोर्ड. परंतु मेज-संगणकाला वायरीनें जोडून पायथॉनच्याच एका लहान रूपांत तिला हुकूम देतां येतात, आणि टांचण्या तिलाही आहेत. तिची किंमत कांहीं शें रुपये. उरलेल्या पैशांतून ती आली, आणि घरचा मोठा संगणक न बिघडवितां दिवे लुकलुकूं लागले. ताई दिवसां टॅली शिकते. रात्रीं तासभर टेबल धाकट्याचें असतें.

विद्यार्थिमित्रहो, ह्या गोष्टीवरून लहान यंत्र वाईट असें समजूं नका. ताईस टॅलीची गरज नसती, अथवा घरीं एक संगणक आधींच असता, तर मीं त्यास उलट सल्ला दिला असता. वस्तु स्वस्त कीं महाग, हें तिच्यावरील किंमतीच्या चिठ्ठीवरून ठरत नाहीं. घरांतील कोणाचें कोणतें काम तीमुळें होतें आणि कोणाचें अडतें, ह्यावरून ठरतें. दुकानाच्या पायरीवर चढण्यापूर्वीं कागद-पेन्सिल घेऊन घरच्या सर्व माणसांस जवळ बसवावें, आणि धाकट्याबरोबर थोरलीचेंही म्हणणें त्या कागदावर लिहावें. तेवढें केलें म्हणजे हिशेब पुरा झाला.